भोकाचा पेला

१४ जानेवारी २००९, बुधवार

एव्दोकिया ताईस,

हा पत्ता गावच्या पोस्टातल्या बाईंनी दिला. पादोवा शहर, तिसरा मजला, दारावर म्हातारीचं नाव. तू तिथे तिला न्हाऊ घालतेस, भरवतेस, तिच्याच खोलीत खाट टाकून झोपतेस, असंही त्यांनी सांगितलं. त्या इटालियन म्हातारीचं नशीब थोर म्हणायचं. मलाही सहा वर्षांचा होईपर्यंत तूच भरवलंस, आणि घास नीट गिळला नाही की कानफटात द्यायचीस. तिला देत नसशील अशी आशा आहे.

मी मजेत आहे. सकाळी सहाला पटांगणात टांगलेला लोखंडी रूळ बडवतात, आम्ही उठतो, पलंग ताणून लावतो, पाच-पाचच्या रांगेत मोजणी होते. मग बार्लीची पेज. आठ ते चार शिवणखात्यात हातमोजे शिवायचे. पाचला पुन्हा मोजणी, कोबीचं सूप, भाकरी. दहाला दिवे बंद. शनिवारी आंघोळ. बराक उबदार आहे. अधिकारी न्यायी आहेत.

आता कामाचं. वीस मेला इथे सुटकेची समिती बसते. आठ वर्षांपैकी दोन तृतीयांश माझी भरली. वागणूक चांगली असली की समिती विचार करते, पण मेलेल्या माणसाच्या घरच्यांचं पत्र फायलीत असलं तर काम सोपं होतं. झाहारियाच्या घरची म्हणजे कायद्याने तूच. नवरा तुझा होता, मारला मी. तेव्हा पत्रही तुलाच लिहायला लागेल. मोठं नको. त्या दिवशी काय झालं ते खरं लिही. कोर्टात सांगितलंस ते नको, खरं लिही.

तू कोर्टात म्हणालीस की तळघराच्या पायऱ्यांवरून पडले, हात मोडला, नवऱ्याने बोटही लावलं नव्हतं. मी ते विसरलो आहे. पाच-सहा वर्षं झाली, कोण लक्षात ठेवतं.

आज आपलं जुन्या पंचांगाचं नवं वर्ष. गावात पोरं दारोदार गव्हाचे दाणे उधळत असतील. इथे तशी परवानगी नाही.

तुझा भाऊ,
तिमोफ्ते

१ मार्च, रविवार

ताई,

मागचं पत्र कॅप्टनसाहेबांसाठी होतं. इथून जाणारं प्रत्येक पत्र ते वाचतात, आणि 'अधिकारी न्यायी आहेत' हे वाक्य त्यांना फार आवडतं म्हणे. हे पत्र स्पिरिदोन नेतोय. त्याची शिक्षा संपली, उद्या सुटेल. बुटाच्या अस्तरात घालून नेणार आहे, म्हणून अक्षर बारीक काढलंय. चष्मा लाव.

बराक उबदार नाही. एकोणसाठ पलंग आणि ब्याऐंशी माणसं, पाळीपाळीने झोपतो. भिंतीला आतून बर्फ धरतो. शेजारचा खोकून रक्त टाकतो आणि आपण त्याच गादीवर त्याच्या नंतर पडतो. कोबीच्या सुपात कोबी शोधायला लागतो.

भिंतीवर कॅप्टनचा कायदा टांगलाय, तो कोणी वाचत नाही. चालतो तो आमचा, आणि तो बघायचा मुकादमाने. आमच्या बराकीचा मुकादम सावा. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, आवाज कधी चढवत नाही. त्याच्या पलंगाभोवती आम्ही सात जण बसतो, कडू काळा चहा उकळतो, आणि एकच मग सगळ्यांच्या हातातून फिरतो. प्रत्येकाने दोन घोट घ्यायचे. आपल्याकडे तळघरात दारूच्या पिंपापाशी एकच पेला फिरतो ना, तसंच. त्या घोळक्यात बसायला मला तीन वर्षं लागली. ते दोन घोट मिळतात म्हणून माझी भाकरी कोणी पळवत नाही, पार्सल कोणी फोडत नाही, आणि माझ्या पाठीत काही खुपसलेलं नाही.

आणि मग खालचे. नऊ जण आहेत. त्यांना इथे 'खालचे' एवढंच म्हणतात, नावाने हाक मारत नाहीत. संडासाच्या दाराशी त्यांचे पलंग. संडास तेच धुतात, घाणीच्या बादल्या तेच नेतात, भिंतीला अंग घासून चालतात. त्यांच्या ताटलीला, चमच्याला, पेल्याला खिळ्याने भोक पाडलेलं असतं, म्हणजे चुकूनही दुसऱ्याच्यात मिसळू नये. पेल्याचं भोक काठाच्या बोटभर खाली, त्यामुळे त्यांचा पेला कधी पूर्ण भरत नाही. त्यांना तू काही दिलंस तर चालतं, जमिनीवर ठेवायचं. त्यांच्या हातून काही घेतलंस, विडी, साखर, पाण्याचा घोट, की तूही खालचा. नकळत झालं तर माफी आहे. जाणून केलं तर नाही. आणि एकदा खाली गेलेला मरेपर्यंत वर येत नाही. दुसऱ्या तुरुंगात बदली झाली तर बातमी आधी पोचते.

त्यांच्यात माकारिये म्हणून एक आहे. सत्तावन्न वर्षांचा, ओर्हेईकडचा, घरोघरी घर तापवायच्या विटांच्या शेगड्या बांधायचा. शेगडीवरूनच एका घरमालकाशी भांडला आणि थापी मारली त्याच्या डोक्यात. तो खाली कसा गेला ऐक. आला त्या दिवशी त्याला सगळे नियम नीट सांगितले होते. पाच मिनिटांनी एका खालच्या म्हाताऱ्याने सवयीने पेला पुढे केला, "या, पाणी घ्या," आणि ह्याने घेतला. प्यायला. वर त्याच्या आरोग्यासाठी दोन शब्दही बोलला. जन्मभर लोकांच्या घरी शेगड्या बांधल्या, पुढे केलेला पेला परत करायचं त्याच्या हाताला माहीतच नव्हतं. सावाने विचारलं, "आजोबा, ऐकलं नव्हतं का?" तर म्हणाला, "ऐकलं होतं हो. हात आधी गेला." बराक पोट धरून हसली. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी त्याच्या पेल्याला भोक पाडलं.

तो न्हाणीघराच्या बंबाला रोज शिव्या घालतो. "कोणी बांधलाय हा? सगळी ऊब चिमणीतून कावळ्यांना!"

मी जानेवारीच्या शेवटी पाच दिवस शिक्षाकोठडीत होतो. झडतीत माझ्या गादीत घासून धार काढलेला चमचा सापडला. माझा नव्हता, पण गादी माझी होती. चौघा पहारेकऱ्यांनी रबरी दांड्यांनी घेतला समाचार, दोन बरगड्या गेल्या, लघवीतून रक्त जायचं, आता जात नाही. कोठडीतला नळ गोठलेला होता. पाणी तिसऱ्या दिवशी मिळालं. कसं ते विचारू नकोस.

आज मार्चची पहिली, छातीवर लाल-पांढरा दोरा लावायचा दिवस. चादरीचा पांढरा धागा आहे माझ्याकडे. लाल करायची सोयही होती, पण तुला असला दोरा नको पाठवायला.

पत्र लिहिणार आहेस ना समितीला? मी तुझ्यासाठी माणूस मारला. तू एक ओळ मारायला काय हरकत आहे?

तिमोफ्ते

७ एप्रिल, मंगळवार

एव्दोकिया ताईस,

मी ठीक आहे. हवा सुधारली. बर्फ वितळला.

आमच्याकडचा शेगड्या बांधणारा, मागे बहुधा लिहिलं नव्हतं त्याच्याबद्दल, शनिवारी न्हाणीघरात पडला आणि मेला. फरशी फार निसरडी आहे. मी ते पाहिलं आणि तसं लिहून सही केली. आणखी अकरा जणांनी केली. अधिकाऱ्यांनी लगेच डॉक्टरांना बोलावलं.

समितीला तुझं पत्र अजून आलेलं नाही. वीस मे लक्षात ठेव.

तुझा भाऊ,
तिमोफ्ते

२० एप्रिल, ईस्टरचा सोमवार

ताई,

हे पत्र पाद्रीबाबा नेतायत. काल ते लाल अंडी घेऊन आले होते. सगळ्यांना एकेक दिलं. खालच्यांची अंडी वेगळ्या टोपलीत होती. सावाने आधीच निरोप पाठवला होता तसा, आणि पाद्रीबाबांनी निमूट ऐकला. निघताना मला म्हणाले, "काही सांगायचंय का, बाळा?" मी म्हटलं, सांगायचं नाही, पाठवायचंय. त्यांनी झग्याची बाही पुढे केली.

तो पडला नाही. तुला कळलंच असेल.

कोठडीतला तिसरा दिवस. दोन दिवसांत माझ्या पोटात थेंब गेला नव्हता. जीभ टाळ्याला चिकटली होती, भिंतीचा बर्फ चाटून ती फाटली. कोठड्यांतल्या बादल्या न्यायला माकारिये यायचा. पहारेकऱ्याने दाराची फट उघडली, मी बादली सरकवली. मी नुसता नळाकडे हात केला. थोड्या वेळाने फट पुन्हा उघडली. त्याने पेला आत धरला होता.

"हा माझा पेला आहे," तो म्हणाला. "भोकाचा. बघून घे. दुसरा नाहीये माझ्याकडे."

मी बघितला. भोक बघितलं. त्यातून पाणी गळून त्याच्या मनगटावर येत होतं. मी प्यायलो, ताई. तीन पेले प्यायलो, आणि चौथा मागितला. नकळत नाही. पुरता जाणून.

पाचव्या दिवशी बराकीत आलो. सावाने पलंगावर जागा केली, चहाचा मग माझ्या हातात दिला. "ये रे, तिमोफ्ते. कसल्या अवस्थेत आलायस! घे, तू आधी घे." तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दोन घोट घेतले आणि तो मग पुढच्याला दिला. तेव्हापासून रोज दोन महिने.

त्याचा अर्थ तुला कळणार नाही, म्हणून लिहितो. खालच्याचं उष्टं पिऊन मी तो मग तोंडाला लावला, म्हणजे त्या मगातून पिणारे सगळेच बाटले; नकळतची माफी एखाद्या वेळची, रोजची नाही. सावासुद्धा. मी सांगितलं असतं तर माझा जीव गेला असता, आणि नाही सांगितलं तर मी त्या सातही जणांना रोज खाली ओढत होतो.

मार्चच्या शेवटी तो पहारेकरी झिंगून सावाला हसला. "तुमच्यातला एक जण कोठडीत भोकाच्या पेल्याने प्यायला. ओळख बघू कोण!" मी आलो त्या आठवड्यात कोठडीतून आम्ही तिघं आलो होतो. सावाने आमच्यापैकी कोणाला काही विचारलं नाही. शनिवारची वाट बघितली.

खालच्यांची आंघोळ शेवटी असते, पाणी निवल्यावर. त्या दिवशी आम्हाला बाहेर जाऊ दिलं नाही. माकारियेला उघडाच आत आणला. काटकुळा होता, पोट तेवढं पुढे आलेलं. सावा बाकावर बसून होता.

"आजोबा, कोणाला पाजलंत?"

"कोणाला नाही."

"पहारेकऱ्याने बघितलंय."

"मग त्यालाच विचार की, बाबा. मला कशाला तिष्ठत ठेवतोस?"

खालच्याला हाताने मारत नाहीत. हात विटाळतो. बाकाची एक फळी निखळलेली होती, खिळे तसेच होते. सावाने ती पहिल्याच्या हातात दिली. प्रत्येकाने एक फटका मारायचा, मग पुढच्याला द्यायची. जो थांबेल तोच तो. बारा जण होतो. फळी हातातून हातात फिरली, ताई. तळघरात पेला फिरतो तशीच. मी नववा.

माझ्यापर्यंत आली तेव्हा तो गुडघ्यांवर होता. एक कान लोंबत होता. त्याने वर बघितलं आणि मला ओळखलं. मी थांबलो. किती ते माहीत नाही, पण थांबलो, आणि सावाची मान वळलेली मला दिसली.

"आटप रे," माकारिये म्हणाला. "पाणी निवतंय."

मी मारला. मानेच्या खाली बसला. आवाज ओल्या लाकडासारखा आला. तो तोंडावर पडला, आणि फळी पुढे द्यायची सोडून मी पुन्हा मारली. कोणी सांगितलं नव्हतं. सावा म्हणालासुद्धा, "पुरे, तिमोफ्ते, बाकीच्यांना ठेव." सगळे हसले. माझ्यावरचा संशय तिथेच फिटला.

मग कॅप्टनने एकेकाला बोलावून मजकूर सांगितला. 'पडला.' मी लिहिलं. लिहिताना मला तुझा आवाज ऐकू आला. 'पडले, साहेब. पायऱ्यांवरून.' आठवतं, तेव्हा मी कोर्टातल्या पिंजऱ्यातून तुझ्यावर थुंकलो होतो? झाहारियाचे दोन भाऊ पहिल्या बाकावर हात बांधून बसले होते, आणि संध्याकाळी तुला त्यांच्याच घरी परत जायचं होतं. मला ते दिसतच नव्हतं. मला वाटायचं, खरं बोलायला काय लागतं, तोंड उघडायचं. आता कळलं काय लागतं. मी तर पुरुष, वर दंड हे एवढे, आणि एका बारीक अंगाच्या माणसाला घाबरून कागदावर 'पडला' लिहून आलो.

आणि आणखी एक. मी कोर्टात म्हणालो की झाहारियाला एकच फटका मारला, तुला वाचवायला. तू म्हणालीस, तो खाली पडल्यावरही माझा भाऊ मारत होता. मी ओरडलो की खोटं बोलतेय. ते खोटं नव्हतं. तुझा हात मोडलेला बघून वेलीची मेढ उपटली आणि पहिला फटका मारला, तो तुझ्यासाठी. तो पडला. त्याने हातही वर केला नाही. नंतरचे चार माझ्यासाठी होते. मला बरं वाटत होतं, ताई. न्हाणीघरातला दुसरा मारताना तेच वाटलं, म्हणून ओळखलं.

समितीला पत्र लिहू नकोस. किंवा लिहायचंच असेल तर हे लिही.

तिमोफ्ते

२१ मे, गुरुवार

ताई,

काल समिती बसली. टेबलावर प्लास्टिकची फुलं, मागे पाच माणसं. मला वाटलं दोन मिनिटांत हाकलतील. सचिवाने एक पाकीट काढलं, इटलीचं तिकीट लावलेलं, आणि मोठ्याने वाचलं.

'मी पायऱ्यांवरून पडले नव्हते. माझा हात माझ्या नवऱ्याने मोडला. माझ्या भावाने त्याला मारलं, आणि तो पडल्यावरही मारलं. दोन्ही खरं आहे. त्याला सोडा. एव्दोकिया.'

त्याने दोनदा वाचलं, कारण समितीच्या अध्यक्षांना ऐकू कमी येतं. दुसऱ्या वेळी मी रडलो. अध्यक्षांना तो पश्चात्ताप वाटला आणि त्यांनी तसं लिहून घेतलं. पाचांपैकी पाच मतं. बारा जूनला न्यायाधीश सही करतील, त्याच दिवशी बाहेर. बसचं तिकीट सरकार देतं.

सहा वर्षांनी तू तोंड उघडलंस आणि माझं दार उघडलं. मी मनात पादोवापर्यंत चालत आलो. म्हातारी मला घरात घेईल का हेसुद्धा ठरवून झालं.

आता दुसरं. माकारियेलाही एक बहीण आहे. पेटी उघडायची नाही असा शिक्का मारून त्याचं प्रेत तिला दिलं होतं. तिने पटाशीने शिक्का फोडला. पाठीवर खिळ्यांच्या डोक्यांचे गोल ठसे होते, ते तिने मोजून तालुक्याला कळवलं. सोमवारी चिसिनाऊहून चौकशी करणारी बाई येतेय. आम्हा बाराही जणांना विचारणार. कॅप्टन आज माझ्याजवळ येऊन खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तिमोफ्ते, तुझे तर बावीसच दिवस राहिले की रे." सावाने चहाच्या वेळी तो मग माझ्या हातात दिला, पण स्वतःची पकड सोडली नाही. म्हणाला, "बाहेर गेलास की आमची आठवण ठेव."

आपल्या दोघांत मी धाकटा. तूच सांगायचीस काय करायचं. आता विचारायला वेळ नाही.

तिमोफ्ते

२ ऑगस्ट, रविवार

ताई,

तू बारा जूनला फोनपाशी बसून राहिलीस, असं पोस्टातल्या बाईंनी कळवलं. माझी चूक. मला कळवता आलं नाही. उजवा हात चालतोय, म्हणून आज लिहितो.

ती चौकशीची बाई लहानखुरी होती, सर्दी झालेली, सारखी नाक पुसत होती. माझा नंबर नववा होता, इथेही. तिने कागद पुढे सरकवला. "तुमच्या आधीचे आठ जण म्हणतात तो पडला. तुम्हीही सही केलीय."

"केलीय. आमच्या घरात सगळे पडतातच, बाई."

तिला विनोद कळला नाही. मी सगळं सांगितलं. पेल्यापासून सुरू केलं, कारण पेला सोडला तर फळी का फिरली ते सांगता येत नाही. मी तीन पेले प्यायलो, दोन फटके मारले. दारात सावाचा माणूस फरशी पुसायच्या निमित्ताने उभा होता. तीन पेले म्हटल्यावर त्याचं फडकं थांबलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुमची बारा जूनची सुनावणी आहे. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

"मग?"

"मग लिहून घ्या. नाक नंतर पुसा."

त्यांनी लिहून घेतलं. संध्याकाळपर्यंत मला वेगळं ठेवते म्हणाल्या, पण कॅप्टनने मला शिवणखात्यात परत पाठवलं. दुपारी दोन वाजता, मशीनं चालू असताना, सावा आला. सगळी मशीनं एकेक करून बंद पडली.

"तिमोफ्ते, तू माझ्या मगातून प्यायलास."

"हो."

"किती वेळा?"

"रोज."

त्याचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मला धरायला चौघं पुढे आले आणि थांबले, कारण आता मला हात लावायचा नव्हता. मग त्यांनी ढिगातून हातमोजे घेऊन घातले. आम्हीच शिवलेले, त्या सकाळचे. माझा डावा हात मशीनखाली धरला आणि पायडल मारलं. सुई हाडात मोडली की दुसरं मशीन. तीन मशीनं झाली. नंतर बाकड्याच्या पायाने तोंड. समोरचे सात दात गेले, डाव्या कानाने ऐकू येत नाही. पहारेकरी आले तेव्हा मी शुद्धीवर होतो आणि ओरडत होतो की आटपा रे. माकारियेचं मला तोंडपाठ झालंय.

दवाखान्यात सहा आठवडे काढले. नंतर मला उत्तरेच्या तुरुंगात हलवलं. मी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. संडासाच्या दाराशी पलंग तयार, त्यावर ताटली, चमचा, पेला. भोकं नवीन पाडलेली, कडा अजून धारदार. पहिल्या दिवशी ओठ कापला. आता पेला कसा धरायचा ते जमतं.

माझी सुटका रद्द झाली. सावावर, माझ्यावर आणि आणखी तिघांवर खटला आहे. बाई म्हणतात पाच-सहा वर्षं वाढतील. कॅप्टनची बदली झाली. सावाचं तिकडे काय झालं ते उडतउडत कळलं. त्याचा मग आता कोणी हातात घेत नाही, आणि तो एकटाच चहा उकळून पितो. मला त्याचा आनंद होईल असं वाटलं होतं. झाला, खोटं कशाला बोलू. दोन दिवस टिकला.

तुला वाटत असेल की तुझं पत्र वाया गेलं. सहा वर्षं गिळलेलं बाहेर काढलंस, झाहारियाच्या भावांना तोंड दिलंस, आणि हा मूर्ख उघड्या दारातून परत फिरला. तसं समजू नकोस. त्या बाईसमोर मी 'पडला' म्हणायच्याच बेतात होतो. तेवढ्यात सचिवाचा आवाज आठवला, दोनदा वाचलेला. 'दोन्ही खरं आहे.' तू लिहिलं नसतंस तर मी बारा जूनला सुटलो असतो, तुझ्या दारात आलो असतो, आणि तू भरवलेला घास मला गिळता आला नसता.

इथला दिवस तसाच आहे. सहाला उठायचं, मोजणीत शेवटी उभं राहायचं, बादल्या न्यायच्या. शिक्षाकोठड्यांच्याही बादल्या माझ्याकडे आहेत. परवा एका कोठडीत एक जण नळाकडे हात करत होता. मी पेला दाखवला, भोक दाखवलं, सांगितलं कोणाचा आहे ते. त्याने तोंड फिरवलं. मी तासाभराने पुन्हा गेलो.

पार्सल पाठवू नकोस, ते माझ्यापर्यंत येत नाही. पत्र पाठव. ते पहारेकरी जमिनीवर टाकतात, पण येतं.

हा कागद बाहेर कसा पाठवायचा हा मोठा घोर होता. वरचं सगळं लिहून झाल्यावर आठ दिवस तो खिशातच होता. सुटणाऱ्या दोघांना विचारलं, ते मागे सरकले. पहारेकऱ्याने मान हलवली. आज चौकशीच्या बाई सही घ्यायला आल्यात, त्यांना देतोय. त्यांना इथले नियम माहीत नाहीत, किंवा माहीत असून त्या नाक पुसत बसल्यात. घडी मी एकाच हाताने घातलीय, वाकडी झाली असेल. कोपऱ्यावरचा डाग चहाचा आहे, रक्ताचा नाही, घाबरू नकोस.

मे महिन्यापासून माझ्या हातून कोणी काही घेतलेलं नाही. तू हे वाचते आहेस, म्हणजे तू घेतलंस.

तुझा,
तिमोफ्ते